मेडोज टेलर : सासरचे घर आणि कादंबरीतील विवाह

फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) याचे नाव वाङ्मयेतिहासात ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या एकाच कादंबरीशी जखडले गेले आहे. उत्तरायुष्यातील त्याचे लेखन त्यामुळे उपेक्षित राहिले.

लिव्हरपूलचा हा मुलगा १८२४ साली मुंबईस आला तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी. पेढी डबघाईस आलेली निघाली आणि त्याच वर्षी तो निजामाच्या सैन्यात अधिकारी झाला. कंपनीच्या सैन्यात नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. कंपनीच्या अधिकाऱ्याचा दर्जा त्यास लाभला नाही. हैदराबादच्या समाजात मात्र तो अधिक खोलवर शिरला.

१८३२ साली त्याचा विवाह मेरी पामर हिच्याशी झाला. मेरीचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे नामांकित सावकार. त्यांचे वडील जनरल पामर पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते, तर आई फैज बक्ष बेगम. टेलरचे सासर हे असे दोन संस्कृतींच्या संयोगातून उभे राहिलेले घर होते. शोरापूर संस्थानचा कारभार तो पाहत असतानाच (१८४१–१८५३) मेरी निवर्तली.

पुढे नळदुर्ग जिल्हा त्याच्याकडे आला. तुळजापूर त्याच जिल्ह्यातले. ‘तारा’ (१८६३) या अफजलखान प्रकरणावरील कादंबरीची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मणाची विधवा कन्या आहे आणि तिचा विवाह अफजलखानाच्या मुलाशी होतो. गुंजीकरांचे ‘मोचनगड’ (१८७१) अद्याप आठ वर्षे दूर होते. विधवेचा प्रश्न मात्र ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) मराठीत आधीच मांडला होता. दोहोंत परस्परसंबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. प्रश्न समकालीन होता, इतकेच.

‘सीता’ (१८७२) मध्ये इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो. १८५७ च्या उठावात पतीवरील वार स्वतःवर झेलून सीता मरते आणि तो पुढे इंग्रज स्त्रीशी विवाहबद्ध होतो. सतराव्या शतकातील ताराचा आंतरधर्मीय संसार लेखक टिकू देतो; इंग्रज पुरुषाशी झालेल्या सीतेच्या लग्नास मात्र तो आयुष्य देत नाही. पामरांच्या घरी असाच संसार प्रत्यक्षात नांदला होता, आणि तो घडला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, उठावाने दोन्ही समाजांमधील अंतर वाढविण्यापूर्वी. सीतेचा मृत्यू हा टेलरच्या मताचा पुरावा मानणे म्हणूनच घाईचे ठरते. त्यात १८७२ च्या इंग्रज वाचकाचा धाक अधिक दिसतो.