ताजमधील जाझ : घरी वर्णभेद, परदेशी टाळ्या

कोल्हापुरातील एखाद्या वरातीत बँडवाल्याने ‘अलबेला’तील धून ट्रम्पेटवर छेडली, की वऱ्हाडी मंडळी ठेका धरतात. १९५१ सालच्या या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र. त्यांच्या साथीला होते गोमंतकीय ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. त्यांची वादनशैली ज्या जाझ परंपरेतील, तिला मुंबईत प्रतिष्ठा मिळवून दिली ती कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांनी.

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपल्या वाद्यवृंदासह मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत त्या काळी वर्णभेदाला कायद्याचे आणि रूढीचे पाठबळ होते. ज्या हॉटेलात वादनाला टाळ्या पडत, तेथेच मुक्कामाला खोली नाकारली जाण्याचा अनुभव कृष्णवर्णीय कलावंतांना नित्याचा होता. मुंबईत मात्र शहरातील सर्वांत प्रतिष्ठित रंगमंच त्यांच्या स्वाधीन झाला. अर्थात, गोऱ्यांच्या क्लबांची दारे भारतीयांना बंद असलेले हे शहरही समतेचे नव्हते.

वेदरफोर्ड यांची कथा विशेष बोलकी आहे. शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात ते लुई आर्मस्ट्राँग यांचे सहवादक होते. १९२६ मध्ये त्यांनी आशियाची वाट धरली. शांघाय, मुंबई, कलकत्ता येथे त्यांनी नाव कमावले. १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४१ वर्षांचे होते. आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाले. मायदेशी वेदरफोर्ड मात्र जवळजवळ विस्मृतीत गेले.

या वादकांचा वारसा गोमंतकीयांनी जपला. ताजमध्ये त्यांच्यासोबत वाजविणारे फ्रँक फर्नांड पुढे हिंदी चित्रसंगीतात स्थिरावले. १९६३ चा ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट त्यांचीच निर्मिती. परंतु चित्रसंगीत घडविणाऱ्या अशा अनेक वादकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. उपेक्षेचा वारसाही जणू संगीताबरोबरच आला.

१९६३ मध्ये अमेरिकी सरकारने ड्यूक एलिंग्टन यांना सांस्कृतिक दूत म्हणून भारतात पाठविले. सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदाला मनाई करणारा नागरी हक्क कायदा त्यांच्या देशात झाला, तो त्यानंतर, १९६४ मध्ये. देशाची प्रतिमा उजळण्यासाठी जगभर मिरविलेल्या कलावंतांना घरच्या उपाहारगृहात बसण्याचा हक्क मिळायला तोवर वाट पाहावी लागली.