कष्टाची गुंगी : बाळागोळीपासून ट्रॅमाडॉलपर्यंत

दिवाळीच्या फराळातला अनारसा ज्या खसखशीवर थापतात, ती खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. खसखशीने कोणाला व्यसन लागत नाही. पण बोंड हिरवे असताना त्याला चिरा दिल्या की जो चीक पाझरतो, तो वाळून अफू होते. एकाच बोंडातला एक जिन्नस आपल्या स्वयंपाकघरात उजळ माथ्याने वावरतो आणि दुसऱ्याचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. मॉर्फिन आणि कोडीन ही औषधे याच चिकातून निघतात. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही कारखान्यात रसायनांपासून बनतात, पण मेंदूत काम करतात ती मॉर्फिनच्याच वाटेने. या सगळ्या कुळाला वैद्यकात ‘ओपिऑइड’ म्हणतात.

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चैन, वाईट संगत आणि हाताबाहेर गेलेला मुलगा येतो. अफूच्या बाबतीत आपल्या भागाचा इतिहास चाळला, तर वाट बरीच वेगळी दिसते. ती दुखण्यातून आणि कष्टातून जाते. या लेखात तीच वाट शोधण्याचा प्रयत्न आहे.

चरक-सुश्रुतांना अफू ठाऊक नव्हती. अरबी व्यापाराबरोबर ती इकडे आली आणि शार्ङ्गधरसंहितेच्या काळापर्यंत ‘अहिफेन’ या नावाने आयुर्वेदात स्थिरावली. हगवण, खोकला, निद्रानाश आणि वेदना यांवर ती गुणकारी ठरली. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराशी संबंध होता. त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात अफूवर एक प्रकरण लिहिले. अफू खाणारे पेंगुळलेले असतात आणि कष्ट जाणवू नयेत म्हणून ती घेतो असे सांगतात, अशा आशयाची नोंद त्यात आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही नोंद पुढच्या सगळ्या कथेचे बीज मानायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात अफू हा मुंबईचा मोठा व्यापार झाला. माळव्यातली, म्हणजे मुख्यतः शिंदे-होळकरांच्या मुलखातली अफू चीनकडे जाई. कंपनी सरकारने आधी ती अडवून पाहिली. ते जमेना, तेव्हा १८३० च्या सुमारास परवाना-शुल्क घेऊन मुंबई बंदर खुले केले. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांच्या हाती आला, कराचीची चोरवाट बंद झाली आणि हे शुल्क चढत १८४७ मध्ये पेटीमागे ४०० रुपयांवर गेले. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी संपत्ती मिळवली आणि तितक्याच मोठ्या मनाने दानही केले. १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय हे त्यांतले ठळक दान. वेदना शमवणारी वास्तू आणि तिच्यामागचा अफूचा पैसा हे दोन्ही एकाच शहरात, एकाच माणसाच्या हातून उभे राहिले. आजच्या मापाने त्यांचा निवाडा करण्यात अर्थ नाही. परंतु औषध आणि व्यापार यांची गाठ किती जुनी आहे, हे ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये या व्यापाराविरुद्ध ओरड झाली, तेव्हा १८९३ मध्ये अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. १८९५ मध्ये त्याचा अहवाल आला : हिंदुस्थानात अफूबंदीची गरज नाही. साम्राज्याच्या महसुलाचा त्यात वाटा होताच. पण अफू हे गोरगरिबांचे घरगुती औषध आहे, हा साक्षींमधून आलेला मुद्दा निव्वळ बनाव नव्हता. आमच्या हातकणंगल्याचेच पाहा. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उघडले. त्याआधी इथल्या शेतकऱ्याला आधुनिक शस्त्रक्रिया किंवा भूल ही जवळपास मिळणारी गोष्ट नव्हती. जिथे डॉक्टर पोचत नाही, तिथे चिमूटभर अफूच डॉक्टर होते.

सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा मुंबईच्या गिरणगावातला आहे. १९२२ मध्ये मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंची गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयीची पाहणी प्रसिद्ध झाली. या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. अफू घातलेली ‘बाळागोळी’ बाजारात मिळे. आई दिवसभर साच्यावर. घरी बाळाला सांभाळणारे कोणी नाही. गोळी दिली की बाळ झोपून राही. भूकही मंदावे, आणि दूध पाजायला आई नाही हेही निभून जाई. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्या पाळीच्या तासांत मूल बसत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १९३१ च्या व्हिटली आयोगाने या प्रथेची दखल घेतली आणि पाळणाघरांचा आग्रह धरला. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. गोळीवर बंदी घालण्याइतकेच, गोळीची गरज का पडते याला उत्तर देणे महत्त्वाचे असते, हे त्या काळच्या काही लोकांना उमगले होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५९ पर्यंत औषधाखेरीजचा अफूचा वापर थांबवायचा असे सरकारने ठरवले आणि अफूची दुकाने आटली. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर आली. अनिल अवचटांनी तिच्याविषयी लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ सुरू झाले. हा भाग मराठी वाचकाला परिचित आहे.

त्याच सुमाराची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा आला. त्यातल्या कडक शिक्षांमुळे आणि परवान्यांच्या जंजाळामुळे दुकानदारांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. अफूचा चीक कायदेशीरपणे पिकवून जगाला पुरवणाऱ्या या देशात कॅन्सरचे रुग्ण वेदनेने तळमळत होते. मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती अवेदना सदन’ हे मरणासन्न रुग्णांसाठीचे देशातले पहिले शुश्रूषागृह उभे राहिले, ते नेमके याच काळात. कायद्यातली ही अडचण दूर करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली.

मॉर्फिनची दारे अशी बंद असताना, सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या गोळ्यांना मागचे दार उघडेच होते. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन असलेल्या कॅप्सूल वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. २०१३ मध्ये त्यांवर बंदी आली. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे २०१६ च्या बंदी-यादीत आली आणि न्यायालयात अडकली. ट्रॅमाडॉल कमी व्यसन लावणारे म्हणून जगभर पसरले. आपल्याकडे ते एनडीपीएसच्या कक्षेत आले एप्रिल २०१८ मध्ये. दर वेळी नवे औषध जुन्यापेक्षा निर्धोक म्हणूनच आले आहे. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइनही खोकल्यावरचे औषध म्हणूनच बाजारात आणले होते. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकॉन्टिनच्या बाबतीत हेच घडले आणि त्याची किंमत तिथल्या लाखो कुटुंबांनी मोजली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारितेतून उघड झाले, की मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या टॅपेंटाडॉल-मिश्रित गोळ्या घाना, नायजेरियाच्या गल्लीबोळांत नशेसाठी विकल्या जात आहेत. सरकारने त्या मिश्रणाची निर्यात थांबवली. माळव्याच्या पेट्या चीनला जात होत्या, त्याला तेव्हा शंभर-दीडशे वर्षे उलटून गेली होती.

ही औषधे माणसाला धरतात कशी, हे समजून घेणे गरजेचे आहे. काही आठवडे रोज घेतली की शरीर त्यांना सरावते. तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवावी लागते. एखाद्या दिवशी गोळी चुकली की अंग मोडून येते, जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. माणसाला वाटते, मूळचे दुखणे उलटले. तो पुन्हा गोळी घेतो. दुखणे खरे, आरामही खरा. म्हणून तो स्वतःला व्यसनी समजत नाही आणि घरचेही समजत नाहीत. मात्रा फार झाली, किंवा सोबत दारू वा झोपेची गोळी घेतली, तर श्वास मंदावत जाऊन थांबतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड वापरत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांचा वापर घातक पातळीवर पोचला होता. यांतली निम्म्याहून अधिक संख्या ज्या मोजक्या राज्यांत होती, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक वेदनाशामक गोळी या कुळातली नसते. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅकचे धोके वेगळे आहेत, पण त्यांत अफूची गुंगी नाही. कॅन्सरच्या रुग्णाला किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन भीतीपोटी नाकारणे हीसुद्धा चूकच. गोळी कोणत्या कुळातली, किती दिवसांची आणि बंद कशी करायची, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत. सवय लागली असेल, तर एका दिवसात तोडू नये. मात्रा उतरवत नेण्याची आणि ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने सोडवण्याची वैद्यकीय पद्धत आहे. त्यात लाज वाटावी असे काही नाही.

आमच्या तालुक्याला कष्टाची उणीव नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून इथल्या पिढ्या बारा-बारा तास मागावर उभ्या आहेत. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढतात. अशा माणसाची पाठ धरली, तर सुट्टी घेण्यापेक्षा गोळी स्वस्त पडते. दिवस बुडाला तर मजुरी बुडते. गिरणगावातल्या आईचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

ट्रॅमाडॉलसारखी औषधे देताना मेडिकल दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. तो पाळला गेलाच पाहिजे. पण त्या वहीत गोळ्यांचा हिशेब असतो. घेणाऱ्याची पाठ कशाने गेली, तो किती तास उभा होता, हे लिहायला तिच्यात रकाना नाही. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी अफूबरोबर त्या बायकांच्या कामाची आणि बाळंतपणाचीही नोंद केली होती. तशी पाहणी आज मागांवर आणि फडांवर व्हायला हवी.