किल्ली कुणाच्या हाती? माहूर, सकळ लिपी आणि रूपांतराच्या नियमांची नोंद

१/ नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस माहूरचा डोंगर आहे. रेणुकेचे पीठ म्हणून तो सर्वपरिचित. महानुभाव पंथाच्या दृष्टीने मात्र हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान असून येथील देवदेवेश्वर मंदिर हे पंथाचे प्रमुख तीर्थ होय. मराठी ग्रंथांच्या जतनाची एक विलक्षण कथा या डोंगराशी जोडलेली आहे.

२/ चौदाव्या शतकात रवळोबास या महानुभाव कवीने ‘सह्याद्रिवर्णन’ रचले. नाव वाचून पश्चिमेकडील घाट आठवतात. परंतु या ग्रंथातील सह्याद्री म्हणजे माहूरचा डोंगर आणि विषय म्हणजे दत्तात्रेयप्रभूंचे माहात्म्य. पंथाच्या ‘साती ग्रंथां’त त्याची गणना होते. याच रवळोबासांना परंपरा आणखी एका निर्मितीचे श्रेय देते: सकळ लिपी.

३/ सकळ लिपीचे पान प्रथमदर्शनी ओळखीचे वाटते, कारण अक्षरांचे वळण पुष्कळसे नागरी आहे. वाचू गेल्यास मात्र शब्द लागत नाही. नेहमीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर अथवा चिन्ह योजलेले असते. भाषा मराठीच राहते, फक्त अक्षरांचा वेश पालटतो.

४/ ही खरे तर मजकुराच्या रूपांतराची यंत्रणा होय. एका बाजूने साधी मराठी आत जाते, दुसऱ्या बाजूने सांकेतिक मराठी बाहेर येते आणि मध्ये असतो नियमांचा तक्ता. त्या तक्त्यालाच अभ्यासक ‘किल्ली’ म्हणतात. किल्ली जवळ असलेल्याला पोथी सहज वाचता येते. नसलेल्याला ती मुकीच राहते.

५/ पुढे अशा लिपींची संख्या वीसच्या वर गेली. सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र ही त्यांपैकी काही नावे. पारमांडल्य आणि कवीश्वरी ही नावे तर थेट पंथातील आम्नायांची, म्हणजे गुरुपरंपरेच्या शाखांची. एका किल्लीने दुसऱ्या लिपीचे कुलूप उघडत नसे.

६/ या तक्त्यांची उघड नोंद सामान्य वाचकासाठी कोठेही नव्हती. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई. ब्रह्मविद्येचे शास्त्र अनधिकारी हाती पडू नये, हा त्यामागील हेतू. त्या काळात तो निरर्थकही नव्हता. पोथी पळवली जाईल, तिच्यात फेरफार होईल, तिची विटंबना होईल, ही भीती खरी होती.

७/ या गुप्ततेने ग्रंथ राखले. महानुभावांचा प्रसार पंजाबात आणि त्याही पलीकडे अफगाणिस्तानापर्यंत झाला. उत्तरेत त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणत. मातृभाषा पंजाबी असलेले साधू धर्मभाषा म्हणून मराठी शिकत आणि या पोथ्या वाचत. इतक्या दूरवर मजकूर सुरक्षित पोहोचला, याचे श्रेय लिपीच्या शिस्तीलाही द्यावे लागते.

८/ मात्र या सुरक्षिततेची किंमतही मोजावी लागली. पंथाचे ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येत नसल्याने त्यांत काय असेल, याविषयी तर्ककुतर्क वाढले. ‘महानुभाव’चे बोलीरूप ‘मानभाव’. त्यावरून मराठीत ‘मानभावी’, म्हणजे वरून साधा आणि आतून कपटी, असा शब्द रूढ झाला. या द्वेषाची कारणे अनेक होती, तथापि न उकललेल्या पोथ्यांनी त्याला खतपाणी घातले.

९/ दुसरी किंमत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने मोजली. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हे ‘ज्ञानेश्वरी’च्या, म्हणजे १२९० च्या, आधीचे. तेराव्या शतकातील बोलती मराठी त्यात नांदते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पंथाबाहेरील मराठी वाचकाला आपल्या भाषेतील या आद्य गद्याचा परिचय नव्हता.

१०/ येथे एक विरोधाभास आहे. किल्ली झाकून ठेवणारा हाच पंथ नोंदी ठेवण्यात मात्र कमालीचा दक्ष होता. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्यांना गाठून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती तपासून घेतली. तेराव्या शतकातील मराठी मुलखात चाललेले हे साधार संकलनाचे काम होते.

११/ पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दख्खनवर उत्तरेच्या फौजा चालून आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. स्मरणे सारखी नव्हती. त्यामुळे हिराइसा पाठ, परशरामबास पाठ, रामेश्वरबास पाठ असे भिन्न पाठ निर्माण झाले.

१२/ त्यांपैकी एकच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. लिपिकारांनी तसे केले नाही. भेद कोठे आहे आणि तो कोणाच्या पाठातील आहे, हे ते पोथीतच नोंदवीत गेले. आधुनिक संपादनशास्त्र ज्याला पाठभेदाची नोंद म्हणते, तिचे हे सहाशे वर्षांपूर्वीचे मराठी रूप.

१३/ हीच वृत्ती इतर ग्रंथांतही दिसते. केशिराजबासांनी स्वामींची वचने ‘सूत्रपाठा’त एकत्र केली. पण सुटे सूत्र संदर्भावाचून दुर्बोध होते. म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे सांगणारा ‘प्रकरणवश’ तयार झाला. ‘स्थानपोथी’ने स्वामींच्या वास्तव्याच्या जागा दिशांसह नोंदवल्या. मूळ ग्रंथाभोवती खुलाशांचे असे वलय पिढ्यानपिढ्या वाढत राहिले.

१४/ मजकुराविषयीची ही सारी माहिती सतत अद्ययावत होत असताना, तो वाचण्याच्या साधनाची माहिती मात्र मोजक्या माणसांपाशीच राहिली. एखाद्या शाखेतील शेवटचा जाणकार किल्ली न सोपवता गेला असता, तर त्या लिपीतील पोथ्या कागद शाबूत असूनही हरवल्या असत्या.

१५/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे या संशोधकांनी सकळ लिपीचे कुलूप उघडले. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या वाढवलेल्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला जागा मिळाली. माहूरपासून जवळच असलेल्या यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध केले.

१६/ त्यानंतर ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागशः छापले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. मराठी गद्याचा आरंभ त्यामुळे तेराव्या शतकात नेऊन ठेवता आला. किल्ली छापील झाल्यावर अवघ्या काही दशकांत भाषेच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले.

१७/ आता हाच प्रश्न संगणकासमोर आहे. जुन्या ग्रंथांच्या अंकीय आवृत्तींसाठी जगभर एक्सएमएल ही खुणांची पद्धत वापरतात. ती १९९८ मध्ये प्रमाणित झाली. मजकुरातील ओवी, नाव, पाठभेद यांना खुणा जोडायच्या. मग रूपांतराचे नियम त्याच फाइलीतून संकेतस्थळ किंवा छापील पुस्तक तयार करतात. त्या नियमांची भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ ची.

१८/ ग्रंथांसाठी कोणत्या खुणा वापराव्यात, हे टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, ही १९८७ मध्ये सुरू झालेली चळवळ ठरवते. एका जागेचे अनेक पाठ आणि प्रत्येकासोबत तो देणाऱ्या पोथीचे नाव नोंदवण्याची सोय तिच्यात आहे. लीळाचरित्राचे लिपिकार शाईने जे करीत, तेच येथे खुणांनी होते.

१९/ टीईआयची रूपांतर-साधने मुक्त-स्रोत आहेत. त्यांचा तक्ता कोणीही उघडून पाहू शकतो. पण तक्ता उघड असला म्हणजे तो समजतोच, असे नाही. एक्सएसएलटीच्या पुढील आवृत्ती २००७ आणि २०१७ मध्ये आल्या. ‘एक्सएसएलटीप्रोक’ हे प्रचलित साधन मात्र पहिलीच आवृत्ती जाणते. नवे नियम त्यात घातले की ते चालत नाहीत. माहितीपुस्तिकेत ही एक ओळ नसेल, तर नवशिक्याचे दिवस वाया जातात.

२०/ टीईआयच्या या नियमसंचाचा मोठा भाग ऑक्सफर्डच्या सेबॅस्टियन राट्झ यांनी लिहिला होता. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रत्येक नियमामागचा हेतू जाणणारा माणूस गेला. देखभालीचा भार समुदायावर आला. नियम उघड होते म्हणून काम थांबले नाही, पण एका माणसाच्या मनातील कारणे लेखी असणे किती आवश्यक असते, हे तेव्हा ठळकपणे दिसले.

२१/ टीईआयने यावर एक उपाय आधीपासूनच योजला होता. खुणांची व्याख्या आणि त्यांचे स्पष्टीकरण एकाच मूळ फाइलीत लिहायचे आणि दोन्ही तिच्यातूनच तयार करायचे. व्याख्या बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्पष्टीकरणही असते. ते मागे पडण्याचा संभव घटतो. पाठभेद वेगळ्या वहीत न ठेवता पोथीतच नोंदवणाऱ्या लिपिकारांना ही रीत परकी वाटली नसती.

२२/ सकळ लिपीतील पोथी अंकीय रूपात आणायची तर तीन गोष्टी नोंदवाव्या लागतील: पानावर दिसणारे अक्षर, त्याचा अभिप्रेत उच्चार आणि ही उकल कोणत्या किल्लीने केली ते. तिसरी नोंद गाळली, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला उकल तपासता येणार नाही. रवळोबासांच्या काळची अडचण नव्या वेशात परत येईल.

२३/ नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून संगणक शिकणाऱ्या पिढीसाठी हे काम दूरचे नाही. मुक्त-स्रोत प्रकल्पांत नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याची वाहवा होते. पुस्तिकेतील जुने वाक्य दुरुस्त करणारा अनाम राहतो. लीळाचरित्राच्या समासात आणि ओळींमध्ये पाठभेद नोंदवणारे बहुतेक लिपिकारही अनामच आहेत. तेराव्या शतकातील मराठी आज वाचता येते, ती त्यांच्या नोंदींमुळे.

(समाप्त)