रोग्याची पात्रता : दंतरोपणाच्या इतिहासातील एक विचार

दात गेले म्हणजे कवळी बसवावयाची, आणि कवळी परवडत नसेल तर भाकरी दुधात कुस्करून खावयाची, अशी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत आपल्याकडील रीत होती. आता जबड्याच्या हाडात टिटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर दात उभा करण्याची विद्या आपल्या शहरात रुळली आहे. तिला दंतरोपण म्हणतात. व्यवहारात 'इम्प्लांट' हाच शब्द चालतो. या विद्येची स्तुती पुष्कळ ऐकू येते. परंतु ती कोणाच्या तोंडी लागू पडेल व कोणाच्या नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरविले, याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. तो येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

रोग्याच्या पात्रतेचा विचार नवा नाही आणि त्यासाठी आपणांस फार दूर जावयासही नको. आपल्या शहरापासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांच्या दरबारी कारभार पाहणारा हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. त्या मूळ ग्रंथाच्या आरंभीच चांगल्या रोग्याची चार लक्षणे दिली आहेत. तो साधनसंपन्न असावा, वैद्याचे ऐकणारा असावा, आपले दुखणे नीट सांगणारा असावा आणि धीराचा असावा. कोणास हाती घेऊ नये, याचीही यादी तेथे आहे आणि तीत साधनहीन मनुष्याचाही समावेश आहे. उलट चरकाने असे म्हटले आहे की, दरिद्री माणसावर प्रसंग ओढवला तर सगळी सामग्री जमण्याची वाट न पाहता जे मिळेल त्याने उपचार करावेत. कारण सर्व साधने सर्वांपाशी नसतात. म्हणजे शरीराची पात्रता आणि पैशाची पात्रता यांची सरमिसळ प्राचीन आहे, आणि तिला घेतलेला आक्षेपही तितकाच प्राचीन आहे.

सुश्रुताचे एक निरीक्षण तर आमच्या विषयाच्या मुळाशीच आहे. कोणाच्या जखमा कष्टाने भरून येतात हे सांगताना त्याने मधुमेही रोग्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जबड्यात स्क्रू बसविणे म्हणजे हाडात मुद्दाम जखम करणे आणि ती धातूच्या अंगाने भरून येईल अशी वाट पाहणे. तेव्हा सुश्रुताचा प्रश्न आजच्या दंतवैद्यालाही चुकलेला नाही.

ही आधुनिक विद्या जन्मली स्वीडनमध्ये. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा संशोधक १९५२ साली सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होता. त्यासाठी हाडात बसविलेले टिटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर काढू गेला, तो ते निघेना. हाड त्या धातूला जडून गेले होते. यातूनच दंतरोपणाची कल्पना निघाली. १९६५ साली त्याने गोस्टा लार्सन या पहिल्या रोग्याच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. लार्सनच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होते. साधी कवळी त्याच्या तोंडात टिकणे कठीण होते. २००६ साली तो वारला तोपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्या रोपणांनी त्याला साथ दिली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पहिला रोगी निवडला गेला तो गरजेवरून. ज्याला दुसरा उपाय उरला नव्हता, त्याला हा उपाय दिला गेला.

पुढची सतरा वर्षे दंतवैद्यांचा मोठा वर्ग साशंकच होता. १९८२ साली कॅनडातील टोरोंटो येथे परिषद भरली आणि तेथे स्वीडनमधील अनेक वर्षांची निरीक्षणे मांडल्यावर जगाने ही पद्धत मान्य केली. याच टोरोंटो शहरात १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला होता आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रोग्याला टोचले गेले होते. सुश्रुताने कष्टसाध्य म्हटलेला मधुमेही रोगी त्या शोधामुळेच शस्त्रक्रियेच्या टप्प्यात आला. आपल्याकडे १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९८२ सालीच. जगाने दंतरोपण स्वीकारले त्याच वर्षी मराठवाड्याला दंतवैद्यकाचे शासकीय महाविद्यालय लाभले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यानंतरच्या चार दशकांत पात्रतेच्या याद्या कशा बदलल्या, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रारंभी मधुमेह म्हटले की नकार, असा कल होता. आज गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर चाचणीने पाहतात; ती आटोक्यात असेल तर रोपण करतात, नसेल तर आधी साखर सुधारावयास सांगतात. वार्धक्य हा एकेकाळी अडसर वाटे. नुसते वय हा अडसर नव्हे, हे आता मान्य झाले आहे. उलट अल्पवयीन मुलांना थांबवितात, कारण जबडा वाढत राहतो आणि रोपण मात्र जागच्या जागी राहून दात खुजा दिसू लागतो. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेला असल्यास काही महिने वाट पाहावी लागते. रक्त पातळ ठेवणारी औषधे रोग्याने आपल्या मनाने बंद करू नयेत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून करावयाचा. जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर हाडाचे रक्ताभिसरण मंदावलेले असते आणि धोका वाढतो. सारांश, 'हा रोगी चालेल की नाही' या प्रश्नाची जागा 'केव्हा आणि कोणत्या अटींवर चालेल' या प्रश्नाने घेतली.

तथापि इतिहास केवळ सैल होण्याच्या दिशेनेच गेला असे नाही. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांतील कामगारांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कुजत. १८४५ साली व्हिएन्नात या रोगाची नोंद झाली आणि हिंदुस्थानात १९१३ च्या कायद्याने त्या काड्यांवर बंदी आली. रोग इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच, २००३ साली अमेरिकेतून जबड्याचे हाड मरण्याचे नवे वृत्त आले. या वेळी कारण होते हाडांच्या विकारांवर व कर्करोगात दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे. तेव्हापासून दंतवैद्य हाडांसाठी घेतलेल्या गोळ्यांची आणि शिरेतून दिलेल्या औषधांची चौकशी करतात. रोग्याने ते सांगितले नाही तर तोंडात पाहून कळावयाचे नाही. वाग्भटाने रोग्यास 'आपले दुखणे नीट सांगणारा' असावे म्हटले, ते येथे अक्षरशः खरे ठरते.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न आहे, तो तंबाखू, सुपारी व गुटख्याचा. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सवय कायद्याने सुटत नाही. धूम्रपानाने रोपण निकामी होण्याचा संभव वाढतो. सुपारी व गुटख्याने गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड पुरते उघडत नाही. मग हाड कितीही चांगले असले तरी हत्यार आत जावयास वाट राहत नाही. आणि हा विकार नुसता अडसर नव्हे, कर्करोगाची पूर्वसूचनाही असू शकतो. अशा रोग्याची खरी निकड दाताची नसते, तोंडाच्या तपासणीची असते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाग्भटाच्या चार लक्षणांपैकी तीन आजही वैद्यकाच्या कसोटीस उतरतात. सांगणे, ऐकणे आणि धीर धरणे यांवाचून हे काम होत नाही. हाड धातूला जडावयास काही महिने जातात आणि पुढे आयुष्यभर स्वच्छता राखावी लागते. चौथे लक्षण, संपन्नता, हे मात्र शरीराचे लक्षण नव्हे. तरीही व्यवहारात तेच पहिले होऊन बसण्याचे भय आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याची साखर न पाहता त्याला पात्र ठरविणे, आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे हाड न पाहताच त्याला अपात्र ठरविणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. पहिलीत रोग्याचे हाड जाते, दुसरीत त्याचे चावून खाणे जाते. शासकीय रुग्णालये समाजाने उभारली ती चरकाची बाजू राखण्यासाठीच.

म्हणून श्रोत्यांना आमचे सांगणे इतकेच की, दंतवैद्याने तुमच्या साखरेची, हृदयाची, औषधांची आणि तंबाखूची चौकशी केली तर कंटाळू नका. आणि त्याने ती केली नाही, तर ती करावयास सांगण्यात संकोच मानू नका.