पाणी काढण्याचा इलाज

बुडालेल्याला नदीबाहेर काढले की पूर्वी कुणीतरी कुंभारवाड्याकडे धावत सुटे. त्याला कुंभाराच्या चाकावर पालथे घालायचे आणि चाक गरगर फिरवायचे, म्हणजे पोटातले पाणी तोंडावाटे पडते, असा तो इलाज. चाक हाताशी नसेल तर पाय धरून उलटे टांगायचे. यात हसण्यासारखे काही नाही. युरोपातही बुडालेल्यांना लाकडी पिंपावर आडवे घालून पुढेमागे लोळवत. वेळ मात्र पाणी काढण्यातच जाई. श्वास आणि रक्ताभिसरण थांबले की मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि काही मिनिटांत माणूस जातो. पोटातले पाणी हा खरा शत्रू नव्हेच.

नाशिकला गोदावरीने ही परीक्षा वारंवार द्यायला लावली. 1969 चा महापूर, 2008 आणि 2016 चे पूर, शिवाय रामकुंडावर वर्षभर चालणारी स्नाने. घाटावर वाढलेली पोहणारी पोरे आणि जीवरक्षक यांच्यावर शहराची भिस्त. उडी कुठे टाकायची, ओढ कुठे आहे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. प्रश्न असतो तो माणूस पायरीवर आणून ठेवल्यानंतरचा.

त्याचे शिक्षण मोठ्या आस्थापनांत आधी पोचले. 1948 च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस सक्तीचा केला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना तो नियम लागू झाला. घाटावरच्या फुलवाल्याला आणि टांगेवाल्याला मात्र असे कुणी सक्तीने शिकवले नाही.

आणि शिकवत काय होते? कृत्रिम श्वासाची शाफरची 1903 ची पद्धत, मग होल्गर नीलसनची 1932 ची. दोन्हींत माणसाला पालथे घालून पाठ दाबायची. 1950 च्या दशकात पीटर साफरने तोंडाने श्वास देणे जास्त परिणामकारक असल्याचे दाखवले. 1960 मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, जूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, नुसत्या तळहातांच्या दाबाने रक्त फिरवता येते हे प्रसिद्ध केले. पालथा माणूस उताणा झाला तो तेव्हापासून.

नाशिकसाठी या ज्ञानाची निकड पाण्यापुरती राहिली नाही. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकाच्या उताराच्या, चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. अशा दाटीत माणसे तुडवली जातातच, पण पुष्कळदा छाती हलू न शकल्याने गुदमरतात. श्वास थांबलेल्याला तिथल्या तिथे मदत करू शकतो तो शेजारी उभा असलेला माणूसच. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात धावते आहे. जुन्या नाशकातल्या गल्लीबोळांत गर्दीच्या दिवशी ती कितीशी आत शिरणार?

सामान्य माणसासाठी धडाही आता सोपा झाला आहे. भारतीय भूलतज्ज्ञांनी 2017 मध्ये केवळ छाती दाबण्यावर बेतलेली पद्धत मांडली: माणूस हलत नाही, नीट श्वास घेत नाही, तर मदत बोलवा आणि छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 120 वेळा दाबा. तोंडाला तोंड लावायच्या संकोचाने लोक हात आखडता घेतात, तो अडसर यात नाही. ही सूट अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी. बुडालेला प्राणवायूअभावी निपचित पडलेला असतो, त्याला श्वासही द्यावा लागतो. म्हणून घाटावरच्या जीवरक्षकाचे शिक्षण दोन पावले पुढचे हवे आणि रामकुंडावर तरी ही तडजोड चालू नये.

अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा, ही भीतीही आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रस्त्यावर मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीत ते पक्के झाले.

पुढच्या सिंहस्थाचे नाशिकचे पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून याच शहरात आहे. तेव्हा शिकवणारे शोधायला लांब जायला नको. पंचवटीतले पुरोहित, रिक्षावाले, फुलवाले, भांडीबाजारातले दुकानदार यांना घाटावरच बसवून, रबरी पुतळ्यावर हात चालवायला लावून तयार करावे, आणि ते काम पर्वाच्या आदल्या महिन्यावर ढकलू नये.