तेरचा जुना फोटो बघताना: हरवलं ते नेमकं काय?

तेरवर काम करायचं म्हटलं की सगळ्यात आधी हेन्री कझिन्सचे फोटो हाताशी येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 1902-03 च्या वार्षिक अहवालात त्याचा तेरवर लेख आहे, त्यातले हे फोटो. 'पेरिप्लस'मधलं तगर म्हणजे हेच तेर, असं जे. एफ. फ्लीटने 1901 मध्ये मांडलं होतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं, भडोच बंदराकडे कापड पाठवणारं ते शहर.

आता फोटोत शहर शोधा बघू. दिसतं ते त्रिविक्रम मंदिर. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा, तो क्षणभर बोटाने झाका. मागे उरते ती उंच विटांची वास्तू: पाठ अर्धगोल, छप्पर उपड्या होडीसारखं, दर्शनी भागावर घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान. म्हणजे काय, तर कार्ले-भाजे इथं डोंगरात कोरलेला चैत्य इथं विटांनी बांधलाय! असे बांधीव चैत्य फारच थोडे उरलेत. आंध्रातलं चेझर्ला हे एक. मूळ वास्तू बौद्ध असावी असंच बहुतेक अभ्यासक मानतात. आत आज त्रिविक्रमाची मूर्ती आहे. वापर बदलला, पूजा चालू राहिली, म्हणून भिंती टिकल्या.

माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात या फोटोखाली मी 'नष्ट झालेलं तगर' असं लिहिलं होतं. चूकच होती ती. जे उभं आहे त्यालाच मी हरवलेलं म्हणत होते, आणि जे खरंच गेलं ते फोटोत नव्हतंच.

ते कुठे गेलं? मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. धाब्याच्या घरावर टाकायला तिथली माती खणून नेतात, खणताना जुनी वीट निघाली तर तीही भिंतीत बसते. अशा पांढरीतलं शहर हळूहळू गावाच्याच घरांत जातं. 1958 मध्ये बी. एन. चापेकरांनी तेरला उत्खनन केलं तेव्हा सातवाहनकाळाचे थर मिळाले, ते याच टेकाडांच्या पोटातून.

तेव्हा जुना फोटो वापरताना देवळाभोवतीची कडेची घरं, भिंती, मातीचे ढीग कापून टाकू नका. मी आधी नेमकं तेच कापत होते.