भिंत नसलेलं घर अन् डास

२० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. १९५३ पासून सरकारने घराघरांत डीडीटी फवारली. भिंतीवर टेकलेला डास मरायचा. १९६१ ला देशातले रुग्ण लाखाच्या आत आले, १९७६ ला पुन्हा ६४ लाखांवर गेले!

पण ही सगळी योजना भिंतीवर उभी होती. बीडहून कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबाच्या कोपीला भिंत कुठंय? पाचट, ताडपत्री अन् दाराशी पाण्याचं बॅरल. डेंगीचा डास त्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्याला बॅरल रिकामं करून घासा, झाका, हे सांगायलाच हवं. पण लांबून डोक्यावर आणलेलं पाणी कोण ओतून देईल? आधी फडाजवळ नळ द्या, मग उपदेश करा.